बोलल्या गेलेल्या भाषेची मोजणी

भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाचा फार मोठा भाग आजवर लिहिलेल्या भाषेचा अभ्यास होता, आणि त्याचे कारण अभ्यासकांच्या उदासीनतेपेक्षा साधनांच्या मर्यादेत होते. कागदावरचे वाक्य हवे तितक्या वेळा वाचता येते, उच्चारलेला शब्द मात्र उच्चारताक्षणी नाहीसा होतो. माणूस बोलताना वाक्ये अर्धवट सोडतो, मध्येच वळवतो, ‘म्हणजे’, ‘ते हे’, ‘अं’ असे म्हणत वेळ मिळवतो, समोरच्याचे संपण्याआधीच आपले सुरू करतो, आणि तरीही ऐकणाऱ्याला सारे समजते. व्याकरणाच्या पुस्तकांत या साऱ्याला जागा नव्हती. गेल्या तीन-चार दशकांत हजारो तासांचे बोलणे साठवणे आणि ते संगणकाकडून तपासून घेणे शक्य झाल्यामुळे ही जागा प्रथमच मोकळी झाली आहे, आणि भाषेविषयी ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी नव्याने तपासल्या जात आहेत.

संगणकाने भाषा मोजण्याची सुरुवातही मजकुरापासूनच झाली. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि डब्ल्यू. नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६१ साली छापल्या गेलेल्या अमेरिकी इंग्रजीतून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने निवडले आणि सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह तयार केला. विचारपूर्वक निवडलेल्या व यंत्राला वाचता येणाऱ्या अशा संग्रहाला कॉर्पस किंवा भाषासंचय म्हणतात. याच आराखड्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी मजकुराचा तेवढाच संचय उभा केला, जो १९८६ मध्ये अभ्यासकांना उपलब्ध झाला आणि आजही ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात या कामाचा उल्लेख क्वचितच होतो; तो अधिक व्हायला हवा.

दहा लाख शब्द ऐकायला पुष्कळ वाटतात, परंतु भाषेच्या दृष्टीने ते थोडेच असतात. ब्राउन संचयात ‘द’ या एकाच शब्दाने सुमारे ७ टक्के जागा व्यापली आहे, दुसऱ्या क्रमांकाच्या ‘ऑफ’ने त्याच्या निम्मी, आणि ही उतरंड पुढे अशीच चालू राहते. हार्वर्डचे जॉर्ज किंग्जली झिफ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम जवळजवळ प्रत्येक भाषेत आढळतो. थोडे शब्द सतत येतात आणि असंख्य शब्द क्वचित येतात, त्यामुळे कोणत्याही संचयातील वेगवेगळ्या शब्दांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द एकदाच भेटतात. एकदाच भेटलेल्या शब्दाविषयी काही खात्रीने सांगणे कठीण असल्याने संग्रह वाढवत नेण्याला पर्याय राहत नाही. मराठीसारख्या भाषेत ही अडचण आणखी वाढते, कारण ‘घरात’, ‘घरापासून’, ‘घराच्या’, ‘घरातल्यांना’ अशी प्रत्येक नामाची अनेक रूपे होतात आणि त्यांतील प्रत्येक रूपाचे पुरेसे नमुने मिळावे लागतात.

बोलणे गोळा करण्यात वेगळाच पेच होता. समाजभाषाविज्ञानाचे, म्हणजे समाजरचना आणि भाषा यांचे नाते तपासणाऱ्या शास्त्राचे अध्वर्यू विल्यम लबॉव्ह यांनी तो नेमका मांडला: कोणी लक्ष ठेवत नसताना माणसे कशी बोलतात हे जाणून घ्यायचे असते, पण लक्ष ठेवल्याशिवाय ते कळत नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस तयार करणाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग साधा होता. त्यांनी १२४ स्वयंसेवकांना खिशात मावणारे ध्वनिमुद्रक दिले आणि काही दिवस स्वतःची रोजची संभाषणे टिपून ठेवायला सांगितले. यंत्र दिवसभर सोबत राहिले की त्याचे भान हळूहळू सुटते, असा त्यामागचा विचार होता. तरीही १० कोटी शब्दांच्या या संचयात बोललेल्या शब्दांचा वाटा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे १ कोटीच राहिला, कारण बोलणे ऐकून लिहून काढण्याला मजकूर मिळवण्याच्या कित्येक पट श्रम आणि पैसा लागतो.

लिहून काढल्यानंतरही ध्वनी आणि शब्द यांची गाठ पडलेली नसते. एखादा स्वर ध्वनिफितीवर नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पूर्वी अभ्यासक कानाने ऐकून, पडद्यावरच्या आलेखात पाहून हाताने ठरवत, आणि एका मिनिटाच्या बोलण्यासाठी त्यांचे काही तास जात. ऑक्सफर्डचे जॉन कोलमन आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मार्क लिबरमन यांच्या पुढाकाराने सुमारे २०१० मध्ये ‘मायनिंग अ इयर ऑफ स्पीच’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यात हे काम यंत्राकडे सोपवले गेले. लिहून काढलेला मजकूर आणि त्याचे ध्वनिमुद्रण संगणकाला एकत्र दिले, तर कोणते स्वन, म्हणजे भाषेतील सुटे ध्वनी, कोणत्या क्रमाने येणार हे त्याला आधीच कळते, त्यामुळे प्रत्येक स्वनाची वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत शोधणे तेवढे उरते. या रीतीने ब्रिटिश कॉर्पसच्या ध्वनिफिती आणि अमेरिकेतील काही संग्रह मिळून सुमारे वर्षभर अखंड ऐकत राहावे लागेल एवढे बोलणे शोधण्याजोगे करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. अशी जुळणी करणारे पेनसिल्व्हेनियातील साधन ज्या बोलण्यावर घडवले गेले, ते अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवादांचे होते. तेथे १९५५ पासून युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण केले जाते.

या साधनांचे सर्वांत सुंदर फळ फिलाडेल्फिया शहराच्या अभ्यासात दिसते. लबॉव्ह यांचे विद्यार्थी १९७० च्या दशकापासून शहरातील वेगवेगळ्या वस्त्यांत जाऊन रहिवाशांशी गप्पा मारत व त्या मुद्रित करून ठेवत. मुलाखत घेतलेल्यांत १८८८ साली जन्मलेले वृद्ध होते आणि १९९१ साली जन्मलेले तरुणही, त्यामुळे या संग्रहात एका शतकातील पिढ्यांचे उच्चार शेजारी शेजारी येऊन बसले. मुखपोकळीच्या आकारानुसार स्वरात ज्या ठरावीक कंपनसंख्या ठळक होतात त्यांना फॉर्मंट म्हणतात, आणि त्या मोजल्या की जीभ किती वर आणि किती पुढे होती याचा अंदाज येतो. लबॉव्ह, इंग्रिड रोझेनफेल्डर आणि जोसेफ फ्रूहवॉल्ड यांनी ३७९ व्यक्तींच्या बोलण्यातील स्वरांची यंत्राने सुमारे १० लाख मोजमापे घेतली आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले.

उच्चारबदल एकदा सुरू झाला की एकाच दिशेने पुढे जात राहतो, अशी समजूत त्यापूर्वी होती. ‘मेड’, ‘स्नेक’ यांसारख्या शब्दांतील स्वर शतकभर खरोखरच वर सरकत राहिला होता. ‘डाउन’, ‘साउथ’ यांतील स्वर मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जन्मलेल्या पिढ्यांत पुढे जात राहिला आणि त्यानंतरच्या पिढ्यांत मागे फिरला. मागे फिरलेली वैशिष्ट्ये अमेरिकेच्या दक्षिण भागाशी जवळीक दाखवणारी होती, तर चालू राहिलेली उत्तरेकडील शहरांशी. म्हणजे कोणी न ठरवता, कोणाच्या लक्षातही न येता, एक संपूर्ण शहर उच्चारांच्या नकाशावर दक्षिणेपासून दूर होत गेले होते. काही मोजक्या वक्त्यांचे हाताने मोजलेले थोडे स्वर हे वळण इतक्या स्पष्टपणे दाखवू शकले नसते.

लेखनात गाळल्या जाणाऱ्या उद्गारांनाही या मोजणीत प्रतिष्ठा मिळाली. इंग्रजीभाषक अडखळताना ‘अ’ किंवा ‘अम्’ म्हणतात. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये असे मांडले की पहिला उद्गार लहान विलंबाची आणि दुसरा मोठ्या विलंबाची ऐकणाऱ्याला दिलेली सूचना असते. पुढे मार्टिन वीलिंग आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी, डच, जर्मन, नॉर्वेजियन, डॅनिश व फेरोइझ या भाषांचे संग्रह तपासले, तेव्हा ओठ मिटून संपणारा प्रकार वाढत असल्याचे आणि त्यात स्त्रिया व तरुण आघाडीवर असल्याचे दिसले. नकळत निसटणारा उद्गारसुद्धा पिढीनुसार बदलतो, आणि तोही अनेक भाषांत एकाच दिशेने, ही विलक्षण गोष्ट आहे.

संख्या वाढली की उत्तर बदलते याचे उदाहरण बायका आणि पुरुष यांच्या बोलकेपणाच्या वादात सापडते. स्त्रिया दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,०००, असे विधान २००६ साली एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकात केले गेले, पण त्याला आधार नव्हता. मथियास मेल आणि सहकाऱ्यांनी अंगावर बाळगायचे, दर साडेबारा मिनिटांनी ३० सेकंद आपोआप सुरू होणारे यंत्र वापरून ३९६ विद्यार्थ्यांचे बोलणे मोजले, आणि २००७ मध्ये सरासरी आकडे आले ते स्त्रियांचे १६,२१५ व पुरुषांचे १५,६६९. फरक नगण्य होता. वाद मिटल्यासारखे झाले. २०२५ मध्ये मात्र चार देशांतील २,१९७ व्यक्तींचे आकडे एकत्र केल्यावर २५ ते ६४ या वयोगटातील स्त्रिया दिवसाला सुमारे ३,००० शब्द अधिक बोलत असल्याचे आढळले, आणि इतर वयांत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. पहिल्या पाहणीतली मोजणी चुकीची नव्हती, त्यात फक्त विद्यार्थी होते. कितीजण बोलले याइतकेच कोण बोलले याला महत्त्व आहे, हे याहून स्पष्ट होणे कठीण.

बोलणे लिहून काढण्याचे कामही आता यंत्रे करू लागली असल्याने हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात दर १०० शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या आणि कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५. यंत्राने ज्यांचे बोलणे कमी ऐकले, त्यांचे त्याने चुकीचे लिहिले; अशा शब्दांकनावर उभा राहिलेला अभ्यास त्या समाजाच्या भाषेला यंत्राच्या चुका चिकटवू शकतो.

भारतात बोली टिपण्याचा मोठा उपक्रम जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने केला. त्याचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, आणि १९१३ पासून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अनेक भाषा मुद्रित झाल्या; त्यांत बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट वक्त्यांकडून वदवून घेतली जाई. तुलनेसाठी हे सोयीचे होते, पण ठरलेली गोष्ट सांगणे आणि आपल्या माणसाशी बोलणे यांत पुष्कळ अंतर असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेले मराठी बोलींचे अलीकडचे सर्वेक्षण याहून पुढे गेले आहे, कारण त्यात गावोगावच्या वक्त्यांचे ध्वनिमुद्रण आणि बोलींचे नकाशे एकत्र आले आहेत. दुसरीकडे, आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘इंडिकव्हॉइसेस’ या संग्रहात २२ भाषांतील १६,२३७ वक्त्यांचे ७,३४८ तासांचे बोलणे आहे. त्यात वाचून दाखवलेला भाग अगदी थोडा असून बहुतेक बोलणे उत्स्फूर्त आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू.

हे नवे संग्रह मुख्यतः यंत्रांना भारतीय भाषा समजाव्यात म्हणून उभे राहत आहेत, आणि भाषेच्या अभ्यासकांनी त्यांत वेळीच वाटा मागितला पाहिजे. खानदेशात आणि वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, अनेक ठिकाणी ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा उच्चारला जातो. शाळा, शहरात झालेले स्थलांतर आणि दूरचित्रवाणी यांमुळे हे उच्चार पिढीगणिक कमी होत आहेत की घरच्या बोलण्यात तसेच टिकून आहेत, याचे उत्तर फिलाडेल्फियाप्रमाणे मोजून देता येईल. त्यासाठी प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत वक्त्याचे जन्मवर्ष, गाव, शिक्षण आणि स्थलांतर यांची नोंद हवी, त्याची संमती हवी, शब्दांकन करणाऱ्याने ‘पानी’ हे ‘पाणी’ असे सुधारून न लिहिता ऐकले तसे लिहिलेले हवे, आणि आकाशवाणीच्या नागपूर, जळगाव, रत्नागिरी यांसारख्या केंद्रांवर शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या मुलाखतींच्या ज्या जुन्या फिती टिकल्या असतील, त्या खराब होण्यापूर्वी या संग्रहांना जोडून घेतल्या गेल्या पाहिजेत.