साल, मध आणि केळीचं पान

१९६८मध्ये अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं आणि सेकंड डिग्री भाजण्यावर काय लावायचं, हा प्रश्न जवळपास मिटल्यासारखाच झाला. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या ड्रेसिंग ट्रेमध्ये ते पांढरं मलम जाऊन बसलं, ते अजून हललेलं नाही. जंतू ते मारतं. पण जखमेवर त्याची पिवळट साय धरते, ती काढावी लागते आणि खालची कोवळी कातडी दुखावते. अशा भाजण्यात मज्जातंतू बऱ्याच अंशी शाबूत असतात, त्यामुळे रोजचं ड्रेसिंग म्हणजे रोजचा आक्रोश.

१९८५मध्ये मुंबईचे डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी पुढे आणली. साली गॉजवर चिकटवून निर्जंतुक केलेल्या. घरच्या पातेल्यातली साल नव्हे! जंतू मारण्याचा गुण तिच्यात नव्हता, पण जखम ओलसर राही आणि पट्टी चिकटत नसे. १९९१मध्ये सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांवर मध आणि पांढरं मलम ताडून पाहिलं. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के दूषित जखमा जंतुविरहित झाल्या, मलमाच्या गटातल्या ७ टक्के. पुढे त्यांनी बटाट्याच्या सालीशीही मधाची गाठ घालून दिली. तिथेही मधच सरस ठरला. आकडे इतके एकतर्फी की मला जरा खटकतात. मधाच्या बाजूचा बराचसा पुरावा एकाच केंद्रातून आलेला, हे नंतरच्या आढावाकारांनीही नोंदवलं.

माझं मत मात्र २००३च्या केळीच्या पानाला. सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी हे पान सालीसमोर उभं केलं. वेदना दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या. पान मात्र मोठं, मेणचट, पट्टी बनवायला सोपं आणि सालीच्या कित्येक पट स्वस्त. जंतूंची मोजदाद बाजूला ठेवून, पट्टी काढताना रुग्णाला किती दुखतं, याला इथे खरी किंमत मिळाली.

उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात सिल्व्हर सल्फाडायझिनची कामगिरी इतर ड्रेसिंगांपुढे सातत्याने फिकी दिसली. आता बाजारात चार-पाच दिवस न बदलता चालणारे चांदीयुक्त फोम मिळतात, पण ते ज्याला परवडतील त्यालाच. केळीच्या पानाची पट्टी मात्र कुठल्या कंपनीने बनवायची, हे ठरलंच नाही.