अंबादास यांचा फटकारा आणि मर्ढेकरांचा लयसिद्धान्त

अमूर्त चित्राविषयी लिहिताना मराठी समीक्षा बहुधा दोहोंपैकी एका आडवाटेला लागते. एकतर ती चित्रात डोंगर, पाणी, धुके शोधते. नाहीतर चित्रकाराच्या मनातील खळबळ रंगांत उतरली आहे, असे सांगून मोकळी होते. दोन्ही वेळा रंग हा कशाचा तरी निरोप्या ठरतो. अंबादास (१९२२–२०१२) यांच्या चित्रांपुढे या दोन्ही वाटा खुंटतात.

अंबादास अकोल्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९६३ साली दिल्लीत भरलेल्या ‘ग्रुप १८९०’च्या प्रदर्शनात ते होते, पुढे ते नॉर्वेत स्थायिक झाले. त्यांच्या कॅनव्हासवर वळत, लवत जाणारे रुंद फटकारे दिसतात. प्रत्येक फटकाऱ्यात कुंचल्याच्या केसांच्या समांतर रेघा राहिलेल्या असतात. दोन-तीन रंग पूर्णपणे न मिसळता एकाच ओढीत शेजारी धावतात. हात वेगाने गेला तेथे रंग विरळ होतो आणि खालचा थर डोकावतो; थबकला तेथे तो साचतो. पाहणाऱ्याला रंगाबरोबर रंग लागण्याचा क्रमही दिसतो.

येथे मर्ढेकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी कलाकृतीचे सौंदर्य संवेदनांच्या परस्परसंबंधांत, म्हणजे संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांत पाहिले. चित्राला विषयाच्या ओझ्यातून सोडविणारा एवढा काटेकोर विचार मराठीत त्यापूर्वी झाला नव्हता, असे मला वाटते. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांना तो सहज लागू पडतो. रोलर आणि पॅलेट नाईफ वापरून गायतोंड्यांनी हाताची खूण जवळजवळ पुसून टाकली. उरले ते रंगाचे थर आणि त्यांच्यातील सूक्ष्म अंतरे. आपली चित्रे अमूर्त नव्हेत, वस्तुनिरपेक्ष आहेत, असा त्यांचा आग्रहही या विचाराला जवळचाच.

अंबादास यांच्यापाशी मात्र हा सिद्धान्त अडखळतो. त्यांच्या फटकाऱ्यातील तांबडा आणि काळा यांचा विरोध मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगता येईल. पण तो फटकारा डावीकडून आला, मध्ये मंदावला, कडेला सुटला, हे कोणत्या रंगसंवेदनेत बसवायचे? ही गती रंगाबाहेरची नाही, आणि तिला चित्रकाराची भावना म्हणणेही बरोबर नाही. मोडी कागद वाचताना असाच अनुभव येतो. बोरू फारसा न उचलता लिहिलेल्या ओळीत मजकुराआधी हाताची चाल जाणवते. लिहिणारा रागावला होता की नव्हता, हे तिच्यावरून कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते.

तेव्हा लयतत्त्व टाकून देण्याचे कारण नाही. त्यात कालाला जागा करून द्यावी लागेल. एकाच वेळी समोर असलेल्या रंगांचे संबंध आणि एकामागून एक घडलेल्या हालचालींचे संबंध, अशा दोन पातळ्यांवर लय मोजावी लागेल. हा प्रश्न चित्रापुरताच नाही. मर्ढेकरांच्या स्वतःच्या कवितेत अभंगाची ओळखीची चाल यंत्रयुगातील शब्दांना ठेचाळते. तेथे शब्दांचे भावनार्थ एक सांगतात आणि ओळीचा वेग दुसरेच करीत असतो. त्या कवितेचा अभ्यास प्रतिमांच्या अंगाने पुष्कळ झाला. ओळीच्या वेगाच्या अंगाने तो फारच थोडा झाला आहे.