तबकडी दिसेनाशी होते तेव्हा

पूर्वी पुष्कळ घरांतून माजघराच्या कोनाड्यात लाल बासनात बांधून ठेवलेली पोथी असे. वाळवी लागू नये, ओल चढू नये म्हणून घरातील वडीलधारी माणसे तिला अधूनमधून ऊन दाखवीत. आज त्या बासनाची जागा अनेक घरांत तळहातावर मावणाऱ्या एका लहानशा पेटीने घेतली आहे. तिला बाह्य हार्ड डिस्क असे म्हणतात. एका केबलने ती संगणकाला जोडली, की तिच्यात साठविलेली पत्रे, छायाचित्रे, गाणी आणि हिशेब आपल्यासमोर उभे राहतात.

पोथी जीर्ण झाली तरी ती आपल्या डोळ्यांना दिसते. ही पेटी मात्र एखादे दिवशी समोर असूनही संगणकाला दिसेनाशी होते. अशा वेळी माणूस गोंधळून जातो, आणि गोंधळलेल्या माणसाच्या हातून होणारे नुकसान पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षाही मोठे असते. ते कसे टाळावे, हे समजण्यासाठी एक घडलेली हकिगत प्रथम पाहू.

सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात एक निवृत्त शिक्षिकाबाई राहतात. आसपासच्या गावांतील वृद्ध स्त्रियांना जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत, हे पाहून त्यांनी त्या ध्वनिमुद्रित करण्याचा छंद घेतला. कित्येक वर्षे त्या सवडीप्रमाणे गावोगाव जात, ओसरीवर बसून ओव्या ऐकत आणि घरी परतल्यावर सारे ध्वनिमुद्रण एका हार्ड डिस्कवर साठवून ठेवीत. दुसरी प्रत करावी असे त्यांच्या मनात येई. पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ते राहूनच गेले. दरम्यान, ज्या बारा जणींनी ओव्या म्हटल्या होत्या, त्यांपैकी सात जणी हे जग सोडून गेल्या. त्यांचा आवाज आता त्या पेटीखेरीज दुसरीकडे कोठेही नव्हता.

एके दिवशी संध्याकाळी बाईंचा सातवीत शिकणारा भाचा त्यांच्या घरी आला. ओव्या ऐकण्यासाठी त्याने ती पेटी संगणकाला जोडली. पेटीवरचा दिवा लागला, क्षणभर लुकलुकला आणि विझला. पडद्यावर नेहमीचे नाव उमटण्याऐवजी एक चौकट आली. डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, फॉरमॅट करावयाची आहे काय, असा प्रश्न तिच्यात होता.

"आत्या, होय म्हणू का? त्याशिवाय चालणार नाही असे दिसते," मुलगा म्हणाला. त्याचे बोट कळीवर टेकलेच होते.

"थांब रे! आधी नाही म्हण आणि हात मागे घे," बाई म्हणाल्या. "यंत्राला काय हवे ते यंत्र विचारते. आपल्याला काय हवे, ते आपणच ठरवायचे."

बाईंचे हे म्हणणे किती योग्य होते, हे कळण्यासाठी पेटीच्या आत काय असते ते पाहिले पाहिजे.

हार्ड डिस्कची कल्पना बरीच जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम या संस्थेने अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि यंत्राचे वजन सुमारे एक टन होते. एवढ्या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या पेटीत याच्या सुमारे दोन लाख पट मजकूर राहतो. आकार इतका बदलला, तरी मूळ तत्त्व तेच आहे.

पेटीच्या आत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकचकीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. लहान पेट्यांतील तबकडी साधारणतः मिनिटाला ५,४०० फेरे घेते. तिच्यावरून एक बारीक दांडी फिरते, व दांडीच्या टोकाशी असलेले शीर्ष तबकडीवरील चुंबकीय खुणा वाचते किंवा नव्या खुणा उमटविते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकलेली असे. हे शीर्ष मात्र चालू असताना तबकडीला स्पर्श करीत नाही. ते तिच्यापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आपल्या केसाची जाडी कित्येक हजार नॅनोमीटर भरते, हे लक्षात घेतले म्हणजे ते अंतर किती सूक्ष्म आहे याची कल्पना येईल. एवढ्या फटीत धुळीचा एक कणही मोठा दगड ठरतो. म्हणूनच चालू असलेली पेटी हलविणे, आपटणे किंवा घरी तिचे झाकण उघडून पाहणे घातक असते.

तबकडीवरील मजकूर संगणकापर्यंत येण्यास चार टप्पे पार करावे लागतात. पहिला टप्पा विजेचा. वीज पुरेशी मिळाली तरच तबकडी पूर्ण वेगाने फिरते. दुसरा टप्पा केबलचा आणि पेटीतील लहान विद्युत्‌मंडळाचा; हे मंडळ तबकडीची भाषा संगणकाला कळेल अशा रूपात पाठविते. तिसरा टप्पा स्वतः तबकडीचा व शीर्षाचा. चौथा टप्पा अनुक्रमणिकेचा. कोणती वस्तू तबकडीवर कोठे ठेवली आहे याची ती नोंदवही होय. या चारांपैकी एकही टप्पा तुटला तरी परिणाम सारखाच दिसतो: पेटी संगणकाला दिसेनाशी होते. परंतु परिणाम सारखा असला, तरी कारण सारखे नसते. ताप आला म्हणून प्रत्येकाला एकच औषध देणारा वैद्य जसा शहाणा नव्हे, तसेच येथेही आहे.

आता फॉरमॅट म्हणजे काय ते पाहू. एखाद्या ग्रंथालयात हजारो पुस्तके आहेत, पण त्यांची नोंदवही सापडत नाही, अशी कल्पना करा. पुस्तके जागच्या जागी आहेत. फक्त कोणते कोठे आहे ते सांगता येत नाही. अशा वेळी कोणी जुनी नोंदवही टाकून देऊन नवी कोरी वही ठेवली, तर ग्रंथालय रिकामेच आहे असे पुढच्या माणसाला वाटेल, आणि तो त्याच फळ्यांवर नवी पुस्तके रचू लागेल. झटपट फॉरमॅट करणे म्हणजे अशी कोरी वही ठेवणे होय. पूर्ण फॉरमॅट तर त्याहून भयंकर. विंडोज प्रणालीच्या आजच्या आवृत्त्यांत त्यामुळे सर्व तबकडीवर शून्ये लिहिली जातात. म्हणजे पुस्तकेच नाहीशी होतात. नोंदवही वाचता आली नाही, की संगणक फॉरमॅटविषयी विचारतो. ती का वाचता आली नाही, याचा शोध तो घेत नाही. तो आपण घ्यावयाचा असतो.

बाईंनी तो असा घेतला. त्यांनी भाच्याला एक वही दिली आणि बजावले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झाले ते लिहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही."

प्रथम त्यांनी कान दिला. निरोगी पेटी जोडल्यावर तबकडी फिरू लागल्याचा मंद, एकसारखा गुंजारव ऐकू येतो. येथे आवाज सुरू होई, दोन-तीन सेकंदांत मंदावे आणि पुन्हा सुरू होई. 'तबकडी फिरू पाहते, पण तिला बळ पुरत नाही,' असे मुलाने लिहिले. (काही नव्या पेट्यांत फिरती तबकडी मुळीच नसते. त्या नेहमीच मुक्या असतात. म्हणून त्यांच्या बाबतीत ही खूण उपयोगी पडत नाही.)

त्यानंतर त्यांनी केबल बदलली. वरून सारख्या दिसणाऱ्या काही केबली केवळ वीज वाहून नेतात. मजकूर नेणाऱ्या तारा त्यांत नसतातच. शिवाय वारंवार वाकविल्याने केबल आतून तुटते आणि बाहेरून ते कळत नाही. दुसरी, खात्रीची केबल लावली. पण आवाज पहिल्यासारखाच राहिला. 'केबलचा दोष नाही,' अशी दुसरी नोंद झाली.

मग बाईंचे लक्ष पेटी कोठे जोडली आहे तिकडे गेले. टेबलावर एक हब होता. एका पोर्टाचे चार पोर्ट करणारे हे लहान साधन असते. त्याच हबाला भाच्याने आपला मोबाइल चार्जिंगसाठी लावला होता आणि एक छोटा पंखाही जोडला होता. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर, तर तिसऱ्या आवृत्तीच्या पोर्टातून ९०० मिलिअँपिअर वीजप्रवाह मिळण्याची तरतूद असते. ज्या हबाला स्वतंत्र वीजपुरवठा नाही, तो संगणकाकडून मिळालेला हा एकच वाटा सर्वांत वाटून देतो. तबकडीला तर सुरुवातीस गती घेतानाच सर्वांत अधिक वीज लागते. एका भाकरीचे चार तुकडे केल्यावर नांगर ओढणाऱ्याच्या वाट्याला चतकोरच यावा, तशी तिची अवस्था झाली होती.

बाईंनी पेटी हबावरून काढली आणि संगणकाच्याच पोर्टाला सरळ जोडली. गुंजारव सुरू झाला आणि मंदावला नाही. दिवा स्थिर राहिला. थोड्याच वेळात पडद्यावर 'ओव्या' हे नाव उमटले. मुलाने कळ दाबली असती, तर एका हबाच्या अशक्तपणापायी सात जणींचा आवाज कोऱ्या वहीखाली गाडला गेला असता!

दोष प्रत्येक वेळी इतका सोपा निघेल असे नाही. पोर्ट बदलूनही पेटी दिसली नाही, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तेथे दिसली, तर पेटी निर्दोष असून पहिल्या संगणकातच अडचण आहे असे ठरते. विंडोज प्रणालीत डिस्क मॅनेजमेंट नावाची एक सोय आहे. तिच्यात पेटी दिसते, पण तिला अक्षर मिळालेले नाही, असेही कधी आढळते. घराला क्रमांक नसला, की टपाल पोहोचत नाही. तसेच हे आहे. तेथे एखादे मोकळे अक्षर दिले, की काम होते, आणि आतील मजकुराला धक्काही लागत नाही. एका प्रणालीच्या पद्धतीने लिहिलेली नोंदवही दुसऱ्या प्रणालीला वाचता येत नाही, असेही घडते. अशा वेळी पेटी सदोष नसते. वाचणाऱ्याला ती लिपी येत नसते, इतकेच.

परंतु पेटीतून टक्‌ टक्‌ असा ठरावीक आवाज येऊ लागला, किंवा खरखर ऐकू आली, तर सारे प्रयोग तत्काळ थांबवावेत व पेटी बंद करावी. शीर्ष किंवा दांडी दुखावल्याची ती खूण असू शकते. अशा स्थितीत प्रत्येक फेऱ्यागणिक तबकडीवर ओरखडे पडण्याचा संभव असतो. पेटी शीतपेटीत ठेवावी, हलकेच ठोकावी, असे उपाय सांगणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये. थंडीने आत दव जमते आणि ठोकल्याने दुखणे वाढते. येथे तज्ज्ञालाच बोलाविले पाहिजे.

तज्ज्ञ काय करू शकतात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अवकाशयान पृथ्वीकडे परतताना वातावरणात भंगून पडले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर त्या अपघातात मृत्युमुखी पडले. यानाच्या अवशेषांत एक होरपळलेली हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची मापे तिच्यात होती. तज्ज्ञांनी तबकड्या काळजीपूर्वक स्वच्छ करून दुसऱ्या पेटीत बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळविला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आकाशातून कोसळलेल्या पेटीतील मजकूर वाचला, याचे एक कारण असे, की त्यावर नंतर कोणी दुसरे काही लिहिले नव्हते.

आता पुन्हा बाईंच्या घरी जाऊ. पडद्यावर ओव्यांची यादी दिसताच भाचा आनंदाने म्हणाला, "आत्या, पहिली ओवी लावू?"

"आधी दुसरी प्रत," बाई म्हणाल्या. "नंतर तिसरी. मग रात्रभर ऐकू."

त्या रात्री त्यांनी एक प्रत संगणकावर केली. दुसऱ्या दिवशी नवी पेटी आणून तिच्यावर आणखी एक प्रत केली आणि ती पेटी दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे पाठविली. कारण आग लागली किंवा पूर आला, तर एकाच घरातील सर्व प्रती एकदमच जातात. पेटी काढण्यापूर्वी संगणकाला तशी सूचना द्यावी, असा नियमही त्यांनी घालून दिला. संगणक पुष्कळदा लिहावयाचा मजकूर क्षणभर आपल्यापाशीच ठेवतो. त्याच वेळी केबल ओढली, तर नोंदवहीचे पान अर्धवट राहते.

आपले पूर्वज हे तत्त्व निराळ्या रीतीने जाणत होते. पोथी कितीही जपली, तरी ती एक दिवस जीर्ण होणारच, हे ओळखून ते तिच्या नकला करीत आणि त्या ठिकठिकाणी ठेवीत. कित्येक जुने ग्रंथ आज आपल्या हाती आहेत, ते कोणी तरी चिकाटीने केलेल्या नकलांमुळेच. साधन ताडपत्राचे असो, कागदाचे असो वा चुंबकीय तबकडीचे असो, ते केव्हा तरी दगा देणारच. तो दगा ओळखावयाचा शांत चित्ताने, शोधावयाचा एकेका पायरीने, आणि त्याच्यापासून बचाव करावयाचा तो मात्र आधीच.