व्यायामशक्तीचे मोजमाप आणि किशोर फुटबॉलपटू

चरकाचार्यांनी दशविध परीक्षेत व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान दिले असून ती प्रत्यक्ष कर्मसामर्थ्यावरून ओळखावी, असे सांगितले आहे. कोल्हापूरसारख्या फुटबॉलप्रेमी शहरात हीच परीक्षा आज मैदानावर, ध्वनिमुद्रित इशाऱ्यांच्या तालावर होऊ लागली आहे.

डेन्मार्कचे येन्स बँग्सबो यांनी विकसित केलेली यो-यो चाचणी त्यांपैकी प्रमुख होय. खेळाडू २० मीटर धावत जातो, तितकाच परत येतो, १० सेकंद सावकाश चालतो आणि पुन्हा धावतो. प्रथम स्तराचा आरंभ ताशी १० किलोमीटर वेगाने होतो व वेग वाढत जातो. दुसऱ्यांदा इशारा चुकला की चाचणी संपते; कापलेले एकूण अंतर हाच निकाल. फुटबॉलमध्येही वारंवार धाव आणि अल्प विसावा असतो. त्यामुळे ही रचना सयुक्तिक आहे.

परंतु आकड्याचा अर्थ लावणे हे वैद्याचे काम आहे. काही वर्षांपूर्वी निकाल कमी आल्याने संघातून वगळलेल्या चौदा वर्षांच्या मुलास पालक माझ्याकडे घेऊन आले. 'ताकदीचे औषध' हवे, एवढाच आग्रह. मीही घाईने बल्य योग लिहून दिला. दोन महिन्यांनी त्याची पांडुता लक्षात आली. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. ती तपासणी पहिल्याच दिवशी व्हावयास हवी होती. त्याचा एक हंगाम माझ्या घाईमुळे वाया गेला.

दुसरी बाब वयाची. एकाच जन्मवर्षाच्या दोन मुलांत एकाची वाढ पूर्णत्वास येत असते, तर दुसऱ्याची नुकतीच सुरू झालेली असते. उंची, स्नायू व हृदयाची क्षमता यांत भेद असताना तुलना कशी न्याय्य ठरेल? मुलाची तुलना प्रथम त्याच्याच मागील निकालाशी करावी. मैदान, वेळ व पादत्राणे शक्यतो तीच ठेवावीत.

शास्त्राने नित्य व्यायामास बलार्धाची मर्यादा घातली आहे; ही चाचणी मात्र पूर्ण श्रमापर्यंत नेते. म्हणून ती नित्याचा सराव होऊ नये. ज्वर असता ती टाळावी. श्रमात छातीत दुखणे, मूर्च्छा किंवा कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यूचा इतिहास असल्यास आधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती : निकालाचा कागद दाखवून कोणी शक्तिवर्धक मागितल्यास बाटली देण्यापूर्वी मुलाला वैद्याकडे पाठवावे. आकडा बलाची सूचना देतो. अबलतेचे कारण आपणच शोधावयाचे असते.