होळीच्या लाकडांची चोरी

रायगड जिल्ह्यात पेणहून नागोठण्याकडे जाऊ लागले, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर कासू हे गाव लागते. पेण-रोहा लोहमार्गावर या नावाचे स्थानकही आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडीच्या बाजूची खारी जमीन आणि मध्ये भातशेती, असा हा मुलूख. भात कापून, झोडून घरात आले, की शेते मोकळी होतात. माघ सरून फाल्गुन लागतो. मग एरवी निश्चिंत झोपणारे गृहस्थही परसातील लाकडांकडे रात्री एकदा नजर टाकून येऊ लागतात. कारण शिमगा जवळ आलेला असतो.

कोकणात होळीच्या सणाला शिमगा म्हणतात. तेथील पुष्कळ गावांत हा सण एका दिवसाचा नसतो. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून मुले रोज रात्री लहानशी होळी पेटवितात आणि पौर्णिमेला गावाची मोठी होळी लागते. इतक्या होळ्यांना जळण आणावयाचे कोठून? काही रानातून येते, काही लोक आपण होऊन देतात. परंतु सगळेच मागून मिळाले, तर मुलांना त्यात गोडी ती कसली? रात्री जेवणे आटोपली, दिवे मालवले, की चार-पाच मुले दबक्या पावलांनी बाहेर पडतात. कोणाच्या पडवीतील ओंडका, कोणाच्या कुंपणाचा सुटलेला खांब, कोणाच्या रचून ठेवलेल्या शेणी, एखादी मोडकी खाट, जे हाती लागेल ते उचलून होळीच्या जागी नेतात. घरधनी जागा झाला, तर एकच पळापळ उडते आणि मागून ओरडा ऐकू येतो. त्या ओरड्यावाचून चोरीला शोभा नाही, असे मुलांचे मत असते.

एरवी परक्याच्या झाडाचा आंबा पाडला तरी कान पिळणारे गाव या चोरीला हसते, हे नवल नव्हे काय? या चोरीला चक्क शास्त्राचा आधार आहे! ‘पुरुषार्थचिंतामणि’ या संस्कृत धर्मग्रंथात फाल्गुनातील पंचमीपासूनच्या दहा तिथी पुण्यकारक सांगितल्या असून, त्या दिवसांत लाकडांची चोरी करावी, असे म्हटले आहे. होळीची जी कथा भविष्योत्तर पुराणात सांगितली जाते, तीही मुलांचीच आहे. ढुंढा नावाची एक राक्षसी लहान मुलांना पीडा देई. तिला पळवून लावण्याचा उपाय असा, की मुलांनी लाकडे गोळा करून अग्नी पेटवावा आणि त्याच्याभोवती मोठमोठ्याने ओरडावे, हसावे. आजही होळीपुढे बोंब मारतात, ती आपण ऐकतोच.

परंतु या चोरीला नियम होते. ते कोठे लिहिलेले नव्हते. थोरल्या मुलांकडून धाकट्यांना कळत. चोरलेले लाकूड होळीतच गेले पाहिजे. त्यातील एक काटकी जरी कोणी आपल्या चुलीत घातली, तरी तो खरा चोर. घरधन्याने वाटेल तसा पहारा करावा, वाटेत गाठून लाकूड हिसकावूनही घ्यावे. पण ते एकदा होळीच्या राशीत पडले, म्हणजे देवाचे झाले, ते परत मागावयाचे नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की आज ज्याच्या घरचे लाकूड गेले, त्याच्या घरची मुलेही या टोळीत असावयाची. चोर आणि धनी एकाच घरात नांदत असले, म्हणजे राग किती वेळ टिकणार?

जगात अशा रात्री इतरत्रही आहेत. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात ३० एप्रिलच्या रात्री तरुण मुले शेजाऱ्यांच्या बागेतील बाके आणि फाटके उचलून भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवतात. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात ४ नोव्हेंबरची रात्र अशाच खोड्यांची समजली जाई. मात्र त्या खोड्यांत आणि आपल्या होळीत एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथे नेलेले फाटक दुसऱ्या दिवशी शोधून परत बसविता येते. होळीत गेलेल्या फाटकाची राख होते.

म्हणूनच ही थट्टा जपून करावी लागे, आणि ती नेहमीच जपून केली गेली, असे म्हणता येणार नाही. कोकणात पावसाळा चार महिन्यांचा. घरोघर चुली होत्या, तेव्हा पावसाळ्यापुरती सुकी लाकडे वैशाखापर्यंत साठवून ठेवावी लागत. भरल्या घरच्या राशीतून दोन ओंडके गेले, तर धनी ओरडतो आणि विसरतो. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा साठाच तेवढा असेल, तर तिने काय करावे? डोंगरातून मोळी आणून ती बाजारात विकणाऱ्या कातकरी स्त्रीला तर ते लाकूड म्हणजे संध्याकाळचे अन्न. तिच्या झोपडीसमोरची मोळी नेऊन कोणी हसले असेल, तर तिला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नसेल. शिवाय जुन्या भांडणाचा सूड उगविण्यासाठी शिमग्याचे निमित्त करून चांगल्या वस्तू जाळल्याची उदाहरणेही गावोगावचे वृद्ध सांगतात. चांगला नांगर होळीत घालणे ही कसली खोडी?

अलीकडे काळ बदलला आहे. स्वयंपाकाचा गॅस आल्यामुळे पुष्कळ घरांच्या पडवीत लाकडांची रासच उरलेली नाही. राज्यात १९६४ च्या कायद्याने अनेक जातींची झाडे परवानगीवाचून तोडण्यास बंदी आहे. होळी लहान करावी आणि पोळी अग्नीत न टाकता भुकेल्याला द्यावी, असा प्रचार महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती करीत आली आहे, आणि कित्येक ठिकाणी शाळेतील मुलेच घरोघर जाऊन पोळ्या गोळा करतात. पूर्वी रात्री लपतछपत ज्या दारी जावयाचे, त्याच दारी आता उजेडी उभे राहून मागावयाचे!

पौर्णिमेच्या रात्री मोठी होळी पेटते. सारा गाव जमतो. आपला ओंडका राशीत दिसतो का, हे एखादा गृहस्थ डोळे बारीक करून पाहतो. मुले त्याच्याकडे पाहून एकमेकांना कोपराने ढोसतात. मग तोही इतरांबरोबर होळीला प्रदक्षिणा घालतो आणि तिच्यात नारळ अर्पण करतो. धीट मुले लांब काठीने भाजलेले नारळ बाहेर ओढतात, फोडतात आणि खोबऱ्याचे तुकडे सर्वांना वाटतात. दुसऱ्या दिवशी धुळवड. त्या सकाळी होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून घरी आंघोळीला नेण्याची चाल आहे. घागर घेऊन आलेल्यांत तो गृहस्थही असतो.