भरपाई हे घेणं आहे

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं शेवटचं गाव. पलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका. १ मे १९६० पर्यंत हा सगळा मुलूख एकाच ठाणे जिल्ह्यात होता. राज्यं वेगळी झाली, पण मजुरीच्या वाटा होत्या तशाच राहिल्या. झाई-बोर्डीतून आणि तलासरीच्या पाड्यांवरून माणसं आजही रोज सकाळी उंबरगाव-सरीगामच्या कारखान्यांकडे निघतात. पावसाळ्याची बंदी उठली की कित्येक जण खलाशी होऊन वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर चढतात. अशा माणसाचं बोट प्रेसखाली सापडलं, किंवा जाळं ओढताना हात दोरात अडकून मोडला, तर पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. मालक पहिल्या दवाखान्याचं बिल भरतो, ठेकेदार घरी येऊन थोडे पैसे ठेवतो आणि एका स्टॅम्प पेपरवर सही किंवा अंगठा घेतो. अपघात माझ्या हलगर्जीपणामुळे झाला, रक्कम पोचली, यापुढे तक्रार नाही, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. मग औषधं, जायला-यायला गाडीभाडं, बुडालेला रोज. घर कर्जात जातं आणि जखमी माणूस स्वतःला देणेकरी समजू लागतो. कायद्याच्या वहीत मात्र नोंद उलटी असते. तिथे तो घेणेकरी असतो आणि देणेकरी असतो मालक. हा उलटा समज हेच नुकसानीचं मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि या कायद्याचा गाभा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण तत्त्व शंभर वर्षांपूर्वीचंच आहे. काम करताना, कामामुळे इजा झाली की भरपाई देणं मालकावर बंधनकारक. हे दान नव्हे आणि मालकाच्या चांगुलपणाचाही इथे प्रश्न नाही. रक्कमही कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही, तिचं गणित ठरलेलं आहे. २५ वर्षांचा एक मुलगा धरा. पगार १२,००० रुपये, प्रेसवर एका हाताची तर्जनी मुळापासून गेली. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, धरायचे आणि त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं. पंचविशीचा गुणक २१६.९१ आहे. उत्तर येतं १५,६१,७५२ रुपये. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनीसाठी कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट लिहिली आहे. म्हणजे या मुलाचं घेणं सुमारे २ लाख १८ हजार रुपये. अंगठा गेला असता तर घट ३० टक्के, आणि रक्कम ४ लाख ६८ हजारांच्या पुढे. परिशिष्टातले आकडेही शेवटचा शब्द नसतात. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं मानलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात सांगितलं. महिनाभरात ती दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. कर्जावर व्याज चढतं हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. आपल्या घेण्यावरही ते चढत असतं, हे मात्र सांगावं लागतं.

यावर पहिली हरकत घरातूनच येते: चूक आमच्याच पोराची होती, लक्ष नव्हतं त्याचं. या कायद्यात साध्या चुकीमुळे हक्क जात नाही. कामगार दारू प्यायलेला होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्रावरची जाळी मुद्दाम काढली, आणि त्यामुळेच अपघात झाला, असं असेल तरच मालकाला बचाव मिळतो. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर तोही मिळत नाही. दिवसाचे दहा-बारा तास प्रेससमोर उभ्या माणसाचं लक्ष एकदा तरी हटणारच, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं.

दुसरी हरकत ठेकेदाराची आहे. मुलाचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर नाही, तो ठेकेदाराचा माणूस. पण कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी भरपाई थेट मूळ मालकाकडून मागता येते. ठेकेदाराकडून ती वसूल कशी करायची, हे मालकाने पाहावं. तिसरी हरकत सीमेची, आणि झाईसाठी ही सगळ्यांत महत्त्वाची. अपघात गुजरातेत झाला, वलसाडला कोण खेटे घालणार? १९९५ च्या दुरुस्तीनंतर अपघात जिथे झाला तिथेच दावा लावण्याची सक्ती उरलेली नाही. जखमी माणूस किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं जिथे राहतात, तिथल्या नुकसानभरपाई आयुक्तांपुढेही दावा दाखल करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका निकालात या दुरुस्तीला दुजोरा दिला. सरीगामच्या अपघाताचा दावा झाईच्या पालघर जिल्ह्यात चालू शकतो, हे ज्याला माहीत आहे त्याची निम्मी भीती तिथेच संपते. सकाळी मोटरसायकलवरून कामाला निघालेला माणूस वाटेतच गेला, तर? मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना असाच अपघातात गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाची भरपाई कायम केली. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर वाटेतला अपघातही कामावरचाच धरायचा. कुटुंबाला त्यासाठी बावीस वर्षं थांबावं लागलं.

ती बावीस वर्षं ही खरी, वजनदार हरकत आहे. तारखांपेक्षा हातातले रोख पैसे बरे, असं म्हणणाऱ्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. पण यात एक गोष्ट लक्षातच घेतली जात नाही. मालकाने दिलेले पैसे घेतल्याने हक्क जात नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायची असेल तर तिचा कागद आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर मालकाची पूर्ण देण्याची जबाबदारी उभीच राहते, आणि आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजा करण्याचीही त्याला सहसा मुभा नसते. मृत्यू झाला असेल, किंवा एकरकमी भरपाई एखाद्या बाईला द्यायची असेल, तर पैसे आयुक्तांकडेच भरायचे असतात. परस्पर हातात ठेवलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तेव्हा आजचे वीस हजार घ्यावेत, पोचपावतीवर फक्त रक्कम लिहावी आणि दावा मुदतीत लावावा. १९२३ च्या कायद्याने ही मुदत दोन वर्षांची ठेवली होती. तीच डोळ्यांसमोर धरणं शहाणपणाचं.

बोटीचा मालक स्वतःच कर्जात असतो, त्याच्याकडून काय घेणार, असंही म्हटलं जातं. पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणूनच आधी विमा आहे का ते विचारायचं. मालकाने या जबाबदारीचा विमा उतरवला असेल आणि मग त्याचं दिवाळं निघालं, तर कामगाराला थेट विमा कंपनीकडे मागणी करता येते. पगारातून कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) कपात होत असेल तर मालकावर दावा लावता येत नाही, पण त्याऐवजी बिनखर्चाचे उपचार आणि बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. कपात होते आणि कार्ड कधी हातात येत नाही, हा प्रकार ज्यांच्या बाबतीत घडतो, त्यांनी आधी कार्ड मागावं.

आता कर्जाकडे. अपघातानंतर ठेकेदार पहिल्यांदा काय काढतो, तर उचलीचा हिशेब. भरपाईतून उचल वळती करून घेण्याची भाषा सुरू होते. कायदा हे होऊ देत नाही. भरपाईच्या रकमेवर जप्ती येत नाही, ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि तिच्याविरुद्ध कोणतंही देणं वळतं करता येत नाही. या भागाला उचलीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी माणूस जमीनदाराच्या घरी राबत राही, त्या लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध १९४५ मध्ये वारली शेतकरी उठले. त्या लढ्याची पहिली मोठी सभा तलासरीजवळच्या झरी गावी भरली होती. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला आणि अशा बांधून घेणाऱ्या कर्जाची फेड करण्याची जबाबदारीच त्याने संपवली. दिवाळखोरीच्या कायद्याकडून मात्र गरिबाने फारशी आशा धरू नये. ३५,००० रुपयांपर्यंतचं कर्ज असलेल्या अगदी गरीब माणसाला नव्याने सुरुवात करता यावी, अशी तरतूद २०१६ च्या संहितेत आहे. पण सामान्य माणसांसाठी तो भाग अजून लागूच केलेला नाही. मुंबईबाहेर आजही १९२० चा जुना नादारी कायदा चालतो. तरीही सावकाराच्या धमकीत दिसतो तितका कर्जदार उघडा नसतो. मजुराची मजुरी, कारागिराची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, बाईचं मंगळसूत्र यांवर दिवाणी जप्ती येत नाही. फेडायला खरोखर काही नाही अशा माणसाला केवळ कर्जापायी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं आहे. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही शेवटची अडचण. आदिवासींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. वकिलाला लागतात ते कागद: पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, गेटपास, ठेकेदाराचे मोबाइलवरचे निरोप, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं. आणि सगळ्यांत आधी दवाखान्याचा केस पेपर. जखमी माणूस टेबलापाशी पोचतो तेव्हा बऱ्याचदा बोलतो तो सोबत आलेला मुकादम. कसं लागलं, या प्रश्नावर तो ‘घरी पडला’ असं सांगतो आणि तेच लिहिलं जातं. पुढे वर्षानुवर्षं त्या दोन शब्दांशी झगडावं लागतं. बरोबर आलेल्या आईने, बायकोने किंवा भावाने तो कागद तिथेच वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर नर्सकडून वाचून घ्यावा, आणि कंपनीचं नाव, यंत्राचं नाव व वेळ घालून नोंद त्याच टेबलावर दुरुस्त करून मागावी.