सल्ला एकाचा, जाब दुसऱ्याला : धार आणि देवासचा मागोवा (१८१८–१९४८)

धार आणि देवास या माळव्यातील पवारांच्या संस्थानांत इंग्रजी अमदानीत राजाला दोन बाजूंनी सल्ला मिळत असे. एक सल्ला दरबारच्या कारभाऱ्याचा, दुसरा पोलिटिकल एजंटचा. पहिला नावाने राजाचा नोकर, दुसरा नावाने राजाचा स्नेही. प्रत्यक्षात दोघांच्याही शब्दावर फौज ठेवली जाई, कर्ज काढले जाई आणि गादी रिकामी होई. या सल्ल्यातून अनर्थ ओढवला, तर जाब कोणाला विचारायचा याचे उत्तर या संस्थानांत सव्वाशे वर्षांत बहुधा एकच मिळाले : सल्ला देणाऱ्याला सोडून बाकी कोणालाही.

या व्यवस्थेचा पाया मराठेशाहीच्या अखेरीस घातला गेला. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पात्यांशी डिसेंबर १८१८ मध्ये आणि धारशी जानेवारी १८१९ मध्ये कंपनी सरकारचे तह झाले. सर जॉन माल्कम यांनी माळव्याची घडी बसवली, तेव्हा धारचे राज्य जवळजवळ नामशेष झाले होते. शिंदे-होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत आनंदराव पवारांच्या विधवा मीनाबाई यांनी ते कसेबसे तगवून धरले होते. तहाने राज्याला संरक्षण मिळाले. मोबदल्यात परराज्यांशी परस्पर संबंध ठेवण्याचा हक्क गेला. राज्य पवारांचे राहिले आणि त्याच्यावरची देखरेख इंग्रजांची झाली. ही देखरेख करणारा अधिकारी मात्र संस्थानच्या प्रजेला बांधील नव्हता आणि दरबारलाही नव्हता. त्याचा वरिष्ठ इंदूरला बसे, त्याचा वरिष्ठ कलकत्त्याला आणि त्याचाही वरिष्ठ लंडनला.

या रचनेची पहिली मोठी परीक्षा १८५७ मध्ये धारला झाली. त्या वर्षी मे महिन्यात यशवंतराव पवार वारले आणि त्यांचे धाकटे भाऊ आनंदराव, वय सुमारे तेरा वर्षे, गादीवर आले. कारभार अर्थातच दिवाणाच्या आणि वाड्यातील वडीलधाऱ्यांच्या हाती होता. उत्तरेत बंड पेटले असताना या मंडळींनी अरब, मकराणी आणि अफगाण शिबंदी पदरी ठेवली. पगारी परदेशी शिपाई बाळगणे इंग्रज सरकारच्या धोरणाविरुद्ध होते, हे दरबारला ठाऊक होते. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्याची बातमी पसरताच या शिपायांनी भोपावर आणि सरदारपूर येथील इंग्रजी ठाणी लुटली. भोपावरचा पोलिटिकल एजंट कॅप्टन हचिन्सन याला कुटुंबासह पळून झाबुआच्या राजाकडे आश्रय घ्यावा लागला. ऑगस्टअखेर धारचा किल्लाच या शिबंदीच्या ताब्यात गेला. ज्यांना दरबारने राखणीला ठेवले, तेच घराचे धनी होऊन बसले.

इंदूरला त्या वेळी गव्हर्नर जनरलचा प्रभारी एजंट होता कर्नल हेन्री मॅरियन ड्युरँड. कायमचे एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर विलायतेला गेले होते. १ जुलैच्या हल्ल्यात ड्युरँडला रेसिडेन्सी सोडून सिहोरकडे माघार घ्यावी लागली आणि तेव्हापासून मराठी संस्थानिकांवरचा त्याचा विश्वास उडाला. इंदूरचे राजे तुकोजीराव होळकर यांचा या हल्ल्यात हात होता, असे त्याचे ठाम मत बनले. ऑगस्टमध्ये तो महूला परतला आणि पावसाळा सरताच ब्रिगेडियर स्टुअर्टच्या हाताखालील फौज धारवर निघाली. २२ ऑक्टोबरला ती शहरासमोर आली. गावाबाहेर टेकडीवर उभ्या असलेल्या तांबड्या दगडाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या जाऊ लागल्या. आठवडाभराच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले. आतल्यांनी तहाचे बोलणे लावले, पण बिनशर्त शरणागतीखेरीज दुसरे काही मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ३१ ऑक्टोबरच्या रात्री फौज खिंडारातून आत शिरली, तर किल्ला रिकामा. शिबंदी अंधारात मंदसोरच्या रोखाने निसटली होती.

गुन्हेगार निसटले आणि शिक्षा मागे उरलेल्यांच्या वाट्याला आली. किल्ल्यातला खजिना लष्कराने ताब्यात घेतला, तटबंदी पाडण्यात आली आणि दरबार बंडाला सामील असल्याचा ठपका ठेवून ड्युरँडने संपूर्ण संस्थान जप्त केले. शेजारच्या अमझेऱ्याचा राजा बख्तावरसिंह याला याच बंडापायी फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदूरला फाशी देण्यात आली आणि त्याचा मुलूख शिंद्यांकडे गेला. धारच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होता. शिबंदी ठेवण्याचा निर्णय दिवाणाचा होता आणि गादी गेली ती अज्ञान राजाची. शिवाय तहाप्रमाणे या राज्याचे संरक्षण हे इंग्रजांचे कर्तव्य. ज्या काळात त्यांचा स्वतःचाच एजंट इंदुरात टिकू शकला नाही, त्या काळात तेरा वर्षांच्या मुलाने बंडखोर शिपायांना आवर कसा घालावा, याचे समाधानकारक उत्तर जप्तीच्या समर्थकांजवळ नव्हते.

हा प्रश्न लंडनमध्ये विचारला गेला, हे धारच्या प्रकरणाचे वेगळेपण. इंडिया रिफॉर्म सोसायटी ही संस्था १८५३ मध्ये जॉन डिकिन्सन यांच्या पुढाकाराने निघाली होती. डलहौसीच्या संस्थाने खालसा करण्याच्या धोरणावर ती सातत्याने टीका करी. धारची जप्ती म्हणजे त्याच धोरणाचा नवा अवतार, अशी ओरड झाली. पार्लमेंटपर्यंत विषय गेला आणि वरिष्ठांनी संस्थान परत देण्याच्या बाजूने कौल दिला. १८६० मध्ये ते आनंदरावांना परत देण्यात आले. बेरसिया परगणा मात्र कापून भोपाळच्या बेगमेला बहाल झाला. तरीही परत मिळाले ते नावापुरते. राजा अज्ञान असल्याच्या कारणावरून कारभार इंग्रज देखरेखीखाली चालू राहिला. १८६४ मध्ये डिकिन्सन यांनी एक पुस्तिकाच छापली. हाउस ऑफ कॉमन्स आणि लोकमत या दोहोंना न जुमानता धार परत दिलेले नाही, असा आरोप तिच्या शीर्षकातच होता. त्याच वर्षी आनंदरावांना पूर्ण अधिकार मिळाले.

या सगळ्यात ड्युरँडचे काय झाले, हे पाहिले म्हणजे जबाबदारीची ही साखळी कशी चाले ते उमगते. डिसेंबर १८५७ मध्ये हॅमिल्टन परतले आणि त्यांनी सूत्रे हाती घेतली. होळकरांविषयीचे त्यांचे मत ड्युरँडच्या अगदी उलट होते. तरी ड्युरँडची चढती कमान थांबली नाही. १८६१ ते १८६५ या काळात तो हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव होता. संस्थानांचा सगळा पत्रव्यवहार याच खात्यातून जाई. म्हणजे ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावरून तक्रारीचे कागद पुढे सरकायचे. पुढे तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि १८७१ च्या पहिल्याच दिवशी टांक येथे अपघातात मरण पावला. तो बसलेला हौदा वेशीच्या कमानीला धडकला होता. त्यानंतर वाद पुस्तकांतून रंगला. इतिहासकार के यांनी ड्युरँडला दोष दिला. मुलगा मॉर्टिमर, ज्याच्या नावाने पुढे अफगाण सरहद्दीची रेषा आणि फुटबॉलचा चषक ओळखला जाऊ लागला, वडिलांच्या बचावाला उतरला. डिकिन्सन यांचे होळकरांच्या बाजूचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही अधिकाऱ्याची चौकशी मात्र झाली नाही.

रेसिडेंटलाही घरी बसावे लागते, हे दोन दशकांच्या आत बडोद्यात दिसले. मल्हारराव गायकवाडांशी सतत खटके उडवणाऱ्या कर्नल फेअरला सरकारने नोव्हेंबर १८७४ मध्ये हटवले. त्याच सुमारास त्याच्यावर विषप्रयोग झाल्याचा आरोप पुढे आला. चौकशी आयोगात तीन इंग्रज सदस्य एका बाजूला आणि तीन हिंदी सदस्य दुसऱ्या बाजूला असे समसमान मत पडले; तरी गैरकारभाराच्या कारणावरून १८७५ मध्ये मल्हाररावांची गादी गेली. या प्रकरणाने महाराष्ट्र खवळला आणि पुण्याची सार्वजनिक सभा मल्हाररावांच्या बाजूने पुढे सरसावली. संस्थानचा प्रश्न हा मराठी लोकमताचा प्रश्न होऊ शकतो, हे तेव्हा प्रथम ठळकपणे दिसले.

देवासची कथा विसाव्या शतकातली आहे. एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पात्यांचे दोन दरबार, दोन कचेऱ्या आणि दोन पोलीस होते. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव १८९९ मध्ये अकरा वर्षांचे असताना गादीवर आले. १९०७ मध्ये माल्कम डार्लिंग हा तरुण आयसीएस अधिकारी त्यांचा शिक्षक म्हणून आला आणि आयुष्यभराचा मित्र झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येशी १९०८ मध्ये झालेला तुकोजीरावांचा विवाह फार काळ सुखाचा राहिला नाही. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार काही महिने त्यांचा खासगी सचिव होता. त्याच्याकडे बागा, मोटारी आणि विजेचे काम आले. अनेक वर्षे बांधकाम चालूनही अपुरा राहिलेला नवा राजवाडा त्याने पाहिला. तेथे कोरड्या हवेने तडकलेले आणि सूर अडकलेले कोरे पियानो पडून होते. हा खर्च ज्या सारावसुलीतून निघे, ती देणाऱ्या रयतेला हिशेब मागण्याची सोय नव्हती. फॉर्स्टरने १९५३ मध्ये या दिवसांवर पुस्तक काढले ते राजाच्या प्रेमापोटी; कारभाराचा पसारा मात्र त्याच्या पत्रांतून लपत नाही. डार्लिंगने १९२५ मध्ये पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जावर गाजलेला ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचा लाडका शिष्य स्वतः कर्जात रुतत होता.

वर्तमानपत्रांनी हे उघड करावे, तर वाट बिकट होती. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला शिक्षा देणारा कायदा १९२२ मध्ये आला. मध्यवर्ती विधानसभेने त्याला नकार दिला असता व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी खास अधिकार वापरून तो मंजूर केला. ज्याला जाब विचारायचा, त्याच्याविषयी लिहिणेच धोक्याचे झाले.

डिसेंबर १९२७ मध्ये तीन घटना एकाच महिन्यात घडल्या. देवासचे युवराज विक्रमसिंहराव वडिलांचे घर सोडून इंदूरला सरकारी एजंटच्या आश्रयाला गेले आणि घरातला तंटा सरकारी फायलीत जाऊन बसला. मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. सांगलीचे वकील ग. र. अभ्यंकर यांच्यासारखे मराठी कार्यकर्ते या चळवळीत आघाडीवर होते. त्याच महिन्यात संस्थानिक आणि सार्वभौम सत्ता यांच्या संबंधांचा विचार करण्यासाठी बटलर समिती नेमली गेली. समितीने राजांचे म्हणणे ऐकले. प्रजेच्या प्रतिनिधींचे ऐकणे आपल्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका घेऊन त्यांना बाहेर ठेवले.

देवासचा शेवट या भूमिकेला साजेसा झाला. थोरल्या पातीची तिजोरी रिकामी होत गेली आणि सरकारने चौकशीचा तगादा लावला. १९३३ च्या अखेरीस तुकोजीराव यात्रेच्या निमित्ताने दक्षिणेत गेले आणि पाँडिचेरीच्या फ्रेंच हद्दीत जाऊन राहिले. तेथे इंग्रज सरकारचा हुकूम चालत नसे. डिसेंबर १९३७ मध्ये ते तिथेच वारले. विक्रमसिंहराव गादीवर आले आणि १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. धारमध्ये राजा अज्ञान होता, देवासमध्ये सज्ञान. एकाची गादी सल्लागारांच्या करणीने गेली, दुसऱ्याने स्वतःच्या करणीने राज्य सोडले. दोन्ही वेळा जाब राजालाच विचारला गेला किंवा विचारू पाहिला गेला. त्याच्या शेजारी बसलेल्या एजंटांनी इतकी वर्षे काय पाहिले आणि काय कळवले, हे कोणी विचारले नाही.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला. धार आणि देवासच्या दोन्ही पात्या त्यात विलीन झाल्या आणि पुढे त्यांचे जिल्हे झाले. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या भागातील लोकांनी प्रथमच आपले आमदार निवडून विधानसभेत पाठवले. मंत्र्याला सल्ला देणारे अधिकारी तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण त्या सल्ल्याबद्दल सभागृहात उभे राहून उत्तर देण्याची जबाबदारी मंत्र्यावर आली. धारसाठी जो प्रश्न एकेकाळी लंडनच्या सभागृहात परक्यांना विचारावा लागला, तो विचारण्याचा हक्क आता धारच्याच प्रतिनिधीकडे आला.